ऑफिसला सायकलवर: आधी काय घ्यायचं, मग काय, आणि काय घ्यायचंच नाही

माझी पहिली सायकल एकवीस गिअरची होती. पुढे सस्पेन्शन, जाड खाचांचे टायर, काळ्या रंगावर पोपटी पट्टे. मडगार्ड नव्हतं, स्टँड नव्हता, कॅरिअर नव्हतं, घंटीसुद्धा नव्हती. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, स्पोर्ट्‌स मॉडेलला ते चांगलं नाही दिसत.” कोथरूड ते शिवाजीनगर हा माझा रोजचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता. पहिल्याच आठवड्यात वळवाचा पाऊस आला आणि मागच्या चाकानं कर्वे रस्त्यावरचा चिखल माझ्या कुर्त्यावर कमरेपासून मानेपर्यंत सरळ रेघेत उडवला. पाठीवरच्या सॅकखाली घामाचा चौकोन उमटायचा. भाजी घ्यायला थांबलं की सायकल टेकवायला भिंत शोधायची. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा स्कूटी काढली आणि सायकल आठ महिने पार्किंगमध्ये धूळ खात पडली.

तेव्हा वाटलं, आपणच आळशी. आता वाटतं, निम्मा दोष सामानाचा होता. स्कूटीला किल्ली लावली की निघता येतं. डबा डिकीत जातो, पिशवी हुकला लटकते, दिवा तिचा तिला असतो. सायकलीला मात्र दिवा शोधा, कुलूप शोधा, सॅक भरा, सलवारीला क्लिप लावा. सकाळी पावणेनऊला ही शर्यत रोज स्कूटीच जिंकणार. म्हणून नव्यानं सायकल सुरू करणाऱ्याला मी एकच परीक्षा सांगते. ऑफिसच्या कपड्यांत, डबा हातात घेऊन घराबाहेर पडल्यापासून दोन मिनिटांत सायकल रस्त्याला लागली पाहिजे. हा वेळ जी वस्तू कमी करते ती आधी घ्यायची. जी वाढवते ती नंतर, किंवा कधीच नाही.

पुढचं सगळं पुण्याच्या हिशेबानं लिहिलंय: दहा किलोमीटरच्या आतला रस्ता, चार महिने पाऊस, थोडे चढ, बेसुमार स्पीडब्रेकर. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाचा भाग दोनदा वाचा.

१. आधी रस्ता पाहून या

कुणाची तरी सायकल मागून घ्या आणि एखाद्या रविवारी सकाळी घर ते ऑफिस जाऊन या. स्कूटीवर कधीच न जाणवलेल्या गोष्टी कळतात. मला कळलं की डेक्कनला जाताना मी जवळजवळ घरंगळत जाते आणि तोच उतार संध्याकाळी, थकलेली असताना, चढ होऊन समोर येतो. म्हणजे सायकल निवडायची ती संध्याकाळसाठी.

तीन प्रश्नांची उत्तरं त्याच दिवशी मिळवा. ऑफिसात सायकल कुठे लावणार, आणि तिथे बांधायला खांब किंवा रेलिंग आहे का? रात्री घरी ती कुठे राहणार? आणि वाटेत सायकलवाला कुठे आहे? पहिल्या प्रश्नासाठी वॉचमनकाकांशी बोला, मॅनेजरशी नको. छपराखालची कोरडी जागा कुठली आणि पाण्याचा टँकर नेमका कुठे उभा राहतो, हे त्यांनाच ठाऊक असतं. घर तिसऱ्या मजल्यावर असेल, लिफ्ट नसेल आणि सायकल वर न्यावी लागत असेल, तर बाकी सगळे निकष सोडून वजन बघा.

२. सायकल: गिअर मोजू नका, भोकं मोजा

दुकानात गेल्यावर खाली वाकून मागच्या चाकाच्या नटाजवळ बघा. फ्रेमला आटे पाडलेली रिकामी भोकं आहेत का? सीटखाली, दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर तशीच आणखी दोन आहेत का? पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, चाकाच्या नटाशेजारी आहेत का? या भोकांना कॅरिअर आणि मडगार्डच्या काड्या लागतात. ती नसतील तर सगळं सामान पट्ट्यांनी आणि क्लिपांनी अडकवावं लागतं, आणि सहा महिन्यांत त्यातला प्रत्येक जोड खुळखुळायला लागतो.

पुढचं सस्पेन्शन शहरात नको. स्वस्त सायकलीतलं सस्पेन्शन वजन वाढवतं, चढावर उभं राहून पेडल मारलं की तुमची ताकद स्वतःच खातं, आणि त्या चिमट्याला नीट मडगार्ड बसत नाही. खड्ड्यांवर खरा उपाय जाड टायर. साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचा, फार खाचा नसलेला टायर हाडं वाचवतो. मोठ्या खाचांचा टायर डांबरावर नुसता गुणगुणतो आणि दमवतो. तो मातीच्या वाटांसाठी आहे. जंगली महाराज रस्त्यासाठी तर नाहीच.

गिअर किती? एकवीसपैकी मी चार वापरते. मागे सात आणि पुढे एकच चकती असलेली सायकल पुण्याला पुरते. बिनगिअरची घेत असाल तर एक युक्ती सांगते, दुकानदार आपणहून सांगत नाहीत. मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे, दात मोजा. १८ असतील तर २० दातांचं बसवून घ्या. पेडल दहा टक्के हलकं होतं, सपाटीवर वेग तेवढाच कमी होतो आणि चढावर उतरून ढकलायची वेळ कमी येते. चेनला एखादी कडी जास्त लागू शकते. खर्च काही शेकड्यांचा आणि काम अर्ध्या तासाचं.

एक शब्द आपल्या जुन्या काळ्या सायकलीविषयी. दूधवाले, पेपरवाले, वॉचमन ज्या वापरतात ती. तिला आपण उगाच हिणवतो. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, डबल स्टँड, कुलूप, घंटी हे सगळं तिच्यावर बहुधा असतंच. दोन मिनिटांच्या परीक्षेत ती पहिल्या नंबरानं पास होते. जड आहे, गजाचे ब्रेक पावसात दगा देतात, हे मान्य. पण तिचे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात, कारण मापं ठरलेली आहेत आणि कुठल्याही कंपनीचा भाग कुठल्याही कंपनीला लागतो. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. पण ॲटलस वापरणाऱ्या कुणाचं ट्यूब-टायरवाचून अडलं नाही. रस्ता सपाट आणि पाच किलोमीटरच्या आत असेल तर हिचा खरंच विचार करा.

मापांचा विषय निघालाच आहे तर टायरच्या कडेवरचा आकडा वहीत लिहून ठेवा. ‘२६ इंची’ म्हणून टायर मागू नका. २६ × १ ३/८ आणि २६ × १.९५ ही दोन्ही मापं २६ इंचीच म्हणवतात आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. खरं माप कडेवर दुसऱ्या पद्धतीनं छापलेलं असतं: ४७-५५९, ३७-५९०, ३७-६२२ असं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. काळ्या अठ्ठावीस इंची सायकलीचा तो ६३५ असतो. टायरवर ‘७००’ लिहिलेल्या नव्या सायकलींचा ६२२. दिसायला सारख्या, बसायला नाही.

सीटची उंची दुकानातच लावून घ्या. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पेडल मारताना, पाऊल पुढे सरकवल्यावर, तो जरासा वाकलेला राहतो. बहुतेक नवी माणसं दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघे धरून बसतात. सिग्नलला एका पायाची बोटं टेकली तरी पुरे. भीती जाईपर्यंत बोटभर खाली ठेवा, हरकत नाही.

आणि बजेटमधला चौथा हिस्सा आधीच बाजूला काढा. बारा हजार असतील तर सायकल नऊची बघा. उरलेले तीन सामानाला लागतात, म्हणजे लागतातच.

३. पहिल्याच दिवशी, दुकानातून निघायच्या आत

मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, घंटी. यांपैकी एकही गोष्ट ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. नंतर म्हणजे आठ महिन्यांनी.

मडगार्ड पूर्ण लांबीचं आणि काड्यांवर बसणारं घ्या. सीटच्या नळीला चिकटवायचं बदकाच्या शेपटीसारखं प्लॅस्टिक मिळतं, ते पाठ वाचवतं, पण पाय आणि चेन चिखलातच. खरी मेख पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला आहे. तिथून जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत रबराची झडप लोंबली नाही, तर पुढचं चाक सगळं पाणी तुमच्या बुटांवर आणि चेनवर मारतं. तयार झडप नसेल तर ऑइलच्या रिकाम्या कॅनचं प्लॅस्टिक कापा, दोन भोकं पाडा, स्क्रूनं बसवा. माझी तशीच आहे. त्यावर अजून निम्मं लेबल आहे. टायर आणि मडगार्डमध्ये बोट जाईल एवढी फट मात्र ठेवा, नाहीतर ओली माती अडकून चाक जाम होतं.

स्टँड शक्यतो दोन पायांचा. एका पायाचा साइड स्टँड मोकळ्या सायकलीला ठीक; पण कॅरिअरवर पाच किलो तांदूळ ठेवला की ती हळूच, अगदी सभ्यपणे, आडवी होते. पुढे बास्केट असेल तर हँडल वळतं आणि तोल जातो. साइड स्टँडच असेल तर जुन्या ट्यूबचं बांगडीसारखं कडं कापून पुढच्या ब्रेकच्या मुठीवर चढवा. ब्रेक दाबलेला राहतो, चाक फिरत नाही. फुकटात हँडब्रेक!

घंटी पितळी टोपीची, मोठी. तिचा गाडीवाल्यांना उपयोग शून्य. ती मोबाइलवर बोलत रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी आहे.

ओढणी, साडी, घोळदार सलवार घालणाऱ्यांनी मागच्या चाकावरची जाळी आणि पूर्ण चेनकव्हर घ्यायचंच. लेडीज सायकलला बहुधा असतंच, शहरी ‘हायब्रिड’ सायकलला नसतं. ओढणी चाकात गेली की सायकल तिथल्या तिथे थांबते, तुम्ही थांबत नाही. पँट घालणाऱ्यांना उजव्या पायाला एक वेलक्रोची पट्टी पुरते.

४. सामान पाठीवर नाही, सायकलीवर

नव्या माणसानं कुठल्या एका गोष्टीवर जास्त पैसे घालावेत असं मला विचारलं तर मी कॅरिअर म्हणेन. सॅक पाठीवर असली की पुण्याच्या एप्रिलमध्ये ऑफिसात पोचेपर्यंत शर्ट बदलायची वेळ येते. तेवढ्यासाठी माणसं ‘ऑफिसात अंघोळीची सोय नाही’ म्हणून सायकल सोडतात. सॅक कॅरिअरवर गेली, वेग जरा आवरला आणि पोचल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली उभं राहिलं, की बहुतेकांचं काम भागतं. मी एक नॅपकिन आणि जास्तीचा कुर्ता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवते. वर्षातून पाच-सहा वेळा लागतो.

कॅरिअर चाकाच्या नटापर्यंत पाय उतरणारं असावं. त्यावर किती किलो चालतात ते कोरलेलं किंवा छापलेलं असतं. बहुतेकांवर २५ दिसतं. नुसतं सीटच्या नळीला आवळायचं कॅरिअर आठ-दहा किलोच्या वर नेत नाही, शिवाय जरा धक्का बसला की कुत्र्याच्या शेपटासारखं एका बाजूला वळतं. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर कॅरिअरचा डावा पाय ब्रेकला अडतो का ते बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

बांधायला काय? हुकवाल्या रंगीत दोऱ्या टाळा. हुक सुटला की तोंडावर येतो आणि सैल टोक चाकात जातं. आमच्या सायकलवाल्या काकांनी मला जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून कॅरिअरला गाठ मारून दिली. पाच वर्षं झाली. वर्तमानपत्राच्या रद्दीपासून कुंडीतल्या तुळशीपर्यंत सगळं तिनं आणलंय. ताण देऊन दोन फेरे, टोक फेऱ्याखाली खोचायचं. दोऱ्या तुटतात, रबर तुटत नाही.

रोजचं सामान ठरलेलं असेल तर दोन्ही बाजूंना लटकणारी पिशवी घ्या. महागडी जलरोधक मिळते, ती उत्तमच. पण जाड कॅनव्हासची दुहेरी पिशवी पिशव्या शिवणाऱ्याकडून शिवून घेता येते. माप देताना टाचेचा विचार करा. पेडल मारताना टाच पिशवीला लागत असेल तर ती मागे सरकवावी लागते. पिशवीच्या तळाशी कडक पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा हवा, नाहीतर ती आत झुकून चाकाच्या तारांना घासते. लॅपटॉप असेल तर त्याला स्पंजची पिशवी, आणि तो उभा, चाकाच्या बाजूला नव्हे, बाहेरच्या बाजूला. डबा आडवा होणार हे गृहीत धरा. आमटी नेऊ नका. ज्यांना आमटीशिवाय जेवण जात नाही त्यांनी फिरकीच्या झाकणाची बरणी घ्यावी.

पुढची बास्केट मला आवडते, कारण भाजी दिसत राहते. तीन-चार किलोपर्यंत. त्याच्या वर हँडल जड होतं आणि वळताना सायकल स्वतःचं मत मांडायला लागते.

५. कुलूप, आणि माझ्या सीटची गोष्ट

एका नाट्यगृहाबाहेर मी सायकल नीट बांधून आत गेले. नाटक बेताचं होतं. बाहेर आले तर सायकल जागच्या जागी, कुलूप जागच्या जागी, फक्त सीट नव्हतं. सीटच्या नळीला पाना-स्क्रूड्रायव्हर काही न लागता उघडणारा खटका होता. चार किलोमीटर उभ्यानं पेडल मारत घरी आले. रात्रीचे साडेअकरा. रस्त्यावरच्या प्रत्येकाला मी व्यायाम करतेय असं वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी सीट आणि पुढचं चाक, दोन्हीकडचे खटके काढून साधे नट-बोल्ट बसवून घेतले. तुम्ही हे आधीच करा. काही मिनिटांचं काम आहे.

कुलूप दोन प्रकारची ठेवा. मागच्या चाकाला फ्रेमवरच बसलेलं गोल कुलूप दुधाच्या दुकानासमोरच्या दोन मिनिटांसाठी. वाकून खटकन बंद करायचं. पण त्यानं सायकल फक्त चालवता येत नाही, उचलता येतेच. म्हणून ऑफिस, स्टेशन, बाजार इथे दुसरं कुलूप: इंग्रजी यू आकाराचं किंवा जाड पोलादी कड्यांची साखळी. ते फ्रेम, एक चाक आणि जमिनीत रोवलेली एखादी वस्तू अशा तिघांना एकत्र बांधतं. आकड्यांची बारीक वायर घेऊ नका. आतली तार बारीक असते, बरी पक्कड असली की तुटते. जड कुलूप रोज वाहून नेऊ नका. ते ऑफिसच्या रेलिंगलाच अडकवून ठेवा, किल्ली तेवढी जवळ. दोन मिनिटांच्या परीक्षेत हे एक पाऊल फार मोठं आहे.

पेडलच्या मधल्या नळीखाली सायकल उलटी करून बघितली की फ्रेमचा नंबर सापडतो. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच असतो.

६. दिसणं

पूर्वी पुण्यात बिनदिव्याच्या सायकलला पोलीस धरायचे, आणि चाकाला घासणारा डायनॅमो घर्रर्र करत पायातली निम्मी ताकद खायचा. थांबलं की दिवा गेला. आता चार्जिंगचे छोटे दिवे मिळतात, त्यामुळे सबब उरलेली नाही. पुढे पांढरा, मागे लाल. पुढचा दिवा जमिनीकडे किंचित झुकवा. समोरच्याच्या डोळ्यांत मारून तो आपल्याकडे नीट वळून बघेल अशी आशा करू नका. रात्री पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका, समोरून येणाऱ्याला अंतर कळत नाही. मागच्याला चालेल. मागचा दिवा सीटखाली लावला आणि कॅरिअरवर पिशवी ठेवली, की तो पिशवीच बघत बसतो. म्हणून तो कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला.

दिव्याइतकाच उपयोग घोट्यावर चमकणारी पट्टी बांधण्याचा. ती पेडलबरोबर वरखाली होते आणि मागच्या गाडीवाल्याच्या लक्षात येतं की हा खांब नाही, माणूस आहे.

आरसा उजव्या मुठीच्या टोकाला. लोक याला हसतात. पीएमपीची बस मागून येतेय हे मान न वळवता कळलं की हसू थांबतं.

हेल्मेट. पुणेकर आणि हेल्मेट हा विषय मी वाढवणार नाही. कायद्यानं सायकलला ते सक्तीचं नाही, मी घालते. स्कूटीचं घालू नका, त्यात गुदमरायला होतं. सायकलच्या हेल्मेटवर आत ईएन १०७८ (युरोपचं सुरक्षामानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) असा शिक्का शोधा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाखाली, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. मागे सरकवून टोपीसारखं घातलं तर कपाळ उघडं पडतं. एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या. आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो.

७. पंक्चर

पहिल्या पावसानंतर माझ्या मागच्या चाकाची हवा एका आठवड्यात तीनदा गेली. दोनदा वेगवेगळ्या ठिकाणी पंक्चर काढलं. तिसऱ्यांदा आमच्या काकांकडे नेली. त्यांनी ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले तिथे आगकाडी टेकवून खूण केली. कानशीनं घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारत बसले. मला वाटलं झालं. पण पॅच ठोकायच्या आधी त्यांनी टायर आतून उलटा केला, डोळे जवळजवळ मिटले आणि बोटांची टोकं आतून अगदी सावकाश फिरवायला लागले. एका जागी थांबले. पक्कड घेतली आणि केसाएवढी बारीक, नखाच्या निम्म्या लांबीची पोलादी तार उपसून माझ्या तळहातावर ठेवली.

“ताई, ट्रकच्या टायरातली. पावसात रस्त्यावर पसरते. ही आत राहिली तर तुम्ही शंभर पॅच लावा.”

तेव्हापासून पंक्चर कुणीही काढो, टायर आतून चाचपायला मी सांगतेच. आणखी एक करा: टायरवरचं कंपनीचं नाव आणि हवेचा वॉल एकाच जागी येतील असं बसवून घ्या. ट्यूबचं भोक सापडलं की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते मोजून कळतं.

पंक्चर टाळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे हवा. किती भरायची ते टायरच्या कडेवर ‘पीएसआय’मध्ये छापलेलं असतं, अमुक ते तमुक असं. मधला आकडा धरा, सामान नेत असाल तर वरचा. उभ्यानं मारायचा, काटा असलेला पंप घरी ठेवा. मोटरसायकलसारखा जाड वॉल असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, पण तिथला कॉम्प्रेसर गाडीच्या टायरच्या मापाचा असतो. सायकलची ट्यूब काही सेकंदांत भरते आणि पुढच्या सेकंदाला फुटते. थोडी थोडी भरायला सांगा. जुन्या पद्धतीच्या वॉलमध्ये रबराची छोटी नळी असते, वॉल ट्यूब. ती कुजली की पंक्चर नसतानाही हवा जाते. दोन नळ्या पाकिटात ठेवल्या तर वजन शून्य.

बरोबर न्यायचं सामान सीटखालच्या छोट्या पिशवीत कायमचं राहू द्या: एक तयार ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या, छोटा पंप, चाकाच्या नटाचा पाना. पाना बहुतेक सायकलींना १५ चा लागतो, पण आपल्या नटाला लावून बघूनच घ्या. पंक्चर स्वतः काढता येत नसेल तरी हे सामान ठेवा. रस्त्यावर मदत करणारा माणूस भेटतो; त्याच्याकडे तुमच्या मापाची ट्यूब नसते.

८. पाऊस

स्कूटीचा लांब रेनकोट सायकलला चालत नाही. त्याचा घोळ चेनमध्ये आणि चाकात जातो, आणि पेडल मारताना आतून इतका घाम येतो की कोरडं राहायचा मुद्दाच संपतो. आखूड जॅकेट आणि वेगळी पँट घ्या, काखेखाली हवेची भोकं असलेलं. रिमझिम असेल तर मी पँट घालतच नाही. पायात बंद बूट नकोत, पट्ट्यांची रबरी सँडल. ऑफिसचे बूट ऑफिसातच. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ठेवा.

ब्रेकबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. रिमवर घासणारे ब्रेक ओले असताना पहिले काही क्षण काहीच धरत नाहीत. रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मग पकडतं. त्यामुळे ब्रेक लवकर आणि हलका दाबायला सुरुवात करायची, पाणी पुसू द्यायचं, मग जोर लावायचा. आठवड्यातून एकदा रबर बघा. त्यात रुतलेली खडी टाचणीनं काढली नाही तर ती रिम खरवडते. ब्रेक लावताना करकर आवाज आला की समजा.

भिजलेली चेन रात्री फडक्यानं पुसा आणि दर कडीवर एकेक थेंब तेल सोडा, मग वरचं तेल पुन्हा पुसून टाका. तेल कडीच्या आत हवं, बाहेर नको. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नका, ते चिकट होऊन माती धरतं. शिलाई मशीनचं तेल उन्हाळ्यात ठीक, पावसात लगेच धुऊन जातं.

९. घेऊ नका, निदान वर्षभर

स्पंजची चड्डी, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे, वेग दाखवणारं मीटर, पाण्याच्या बाटलीचे दोन-दोन पिंजरे, मोबाइल अडकवायचा चिमटा. यांतलं निम्मं माझ्याकडे कपाटात आहे. सीटवर चढवायचं जेलचं जाड कव्हर तर अजिबात नको. पहिले दहा दिवस बरं वाटतं, मग ते सरकतं आणि जांघेत घासतं. बूड दुखणं दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. तिसऱ्या आठवड्यातही दुखत असेल तर सीटचं टोक वर झालंय का बघा, नाहीतर स्प्रिंगवालं रुंद सीट घ्या.

१०. रविवारची दहा मिनिटं

हवा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघायची. चेनला तेल. कॅरिअर आणि मडगार्डचे स्क्रू पान्यानं एकदा आवळायचे. ते रोज केसभर सैल होत असतात आणि एक दिवस काडी चाकात जाते. चाक उचलून फिरवायचं, रिम ब्रेकच्या रबराजवळ डावी-उजवीकडे हलत असेल तर काकांकडून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून घ्यायचा. आणि दोन्ही दिवे चार्जिंगला.

दिवे चार्जिंगलाच विसरून सोमवारी निघायचा प्रकार माझ्याकडून पुष्कळदा झालाय. आता मी रविवारी रात्री सायकलची किल्ली चार्जरच्या वायरला अडकवून ठेवते. किल्लीशिवाय कुलूप उघडत नाही आणि दिव्यांना हात लागल्याशिवाय किल्ली निघत नाही.